वीर नरिमन : समुद्राच्या हद्दीचा हिशेब मागणारा नगरपिता

मुंबईच्या मरीन ड्राइव्हचे दक्षिणेकडील टोक म्हणजे नरिमन पॉइंट. बँका, विमान कंपन्या, मोठी हॉटेले आणि सरकारी कचेऱ्या यांच्या उंच इमारतींमुळे हे नाव देशभर ठाऊक झाले. परंतु ज्या माणसाचे हे नाव, तो कोण होता, हे तेथून रोज जा-ये करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना सांगता येईल. समुद्र हटवून ही जमीन मिळवून देणारा कोणी कर्तबगार अभियंता किंवा प्रशासक म्हणजे नरिमन, अशीही अनेकांची समजूत असते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. खुर्शेद फ्रामजी नरिमन हे बॅकबेच्या भरावयोजनेचे सर्वांत कडवे टीकाकार होते. त्यांनी उठविलेला आवाज आणि त्यानंतर झालेली चौकशी यांमुळे त्या योजनेचा निम्म्याहून अधिक भाग तेव्हा सोडून द्यावा लागला. जो भाग सोडून दिला गेला, त्यातलाच काही स्वातंत्र्यानंतर भरला गेला आणि त्याच्या टोकाला त्यांचेच नाव मिळाले.

हा केवळ नावाचा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा प्रकार नाही. समुद्र हटवून मिळालेली जमीन कोणाची, तिची हद्द ठरविण्याचा अधिकार कोणाचा आणि त्या अधिकाराचा जाब कोणी विचारायचा, हे प्रश्न मुंबईइतके जुने आहेत. नरिमन यांनी त्यांतला शेवटचा प्रश्न आपला मानला आणि त्यासाठी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहण्याची तयारी ठेवली. त्यांच्या चरित्राचे खरे मोल येथे आहे.

भरतीरेषेखालची मालकी

नरिमन यांचा जन्म १८८३ सालचा, पारशी कुटुंबातला. कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. फिरोजशहा मेहता आणि दिनशा वाच्छा यांच्यासारख्या पारशी नेत्यांनी या शहराला सनदशीर राजकारणाची आणि महापालिकेच्या कारभारावर बारीक नजर ठेवण्याची सवय लावली होती. नरिमन याच वातावरणात वाढले. पुढे ते राष्ट्रीय चळवळीत शिरले आणि त्यांची भाषा आधीच्या पिढीपेक्षा कितीतरी प्रखर झाली. तरी कागदपत्रे तपासण्याची, आकडे पडताळण्याची आणि नियमावर बोट ठेवण्याची वकिली सवय त्यांनी कधीच सोडली नाही.

ज्या शहरात त्यांनी वकिली केली, त्या शहराचा मोठा भाग समुद्रातून आलेला होता. सात बेटांच्या मधल्या खाड्या बुजवून मुंबई उभी राहिली. अठराव्या शतकात वरळीजवळचा खाडीचा मुख बंद करणारा बांध गव्हर्नर हॉर्नबी यांनी लंडनची मंजुरी न मिळताच घातला, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. कथेतील तपशिलांबद्दल मतभेद आहेत, पण तिच्यात या शहराचा एक जुना प्रश्न दडलेला आहे. समुद्राला मागे हटविण्याची परवानगी कोणी द्यायची?

साध्या जमिनीला चतुःसीमा असतात, शेजारी असतात, वहिवाट असते. हद्दीवरून वाद झाला तर मोजणी करता येते, साक्षीदार आणता येतात. पाण्याखालच्या जमिनीला यांपैकी काहीच नसते. इंग्रजी कायद्याच्या परंपरेत भरती-ओहोटीच्या मधला किनारा राजसत्तेचा मानला जातो. तेच तत्त्व मुंबईत आले. १८५३ मध्ये मुंबई व कुलाबा या बेटांच्या किनाऱ्यासाठी खास कायदा करण्यात आला आणि भरतीरेषेच्या खाली कोणी अडथळा किंवा अतिक्रमण केले तर ते हटविण्यासाठी नोटीस देण्याचा अधिकार महसूल अधिकाऱ्याला मिळाला. म्हणजे भरतीचे पाणी जिथवर पोचते ती रेषा हीच कायद्याची हद्द ठरली. त्या रेषेवर खासगी मालक असू शकत होता, तिच्याखाली सरकार. किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या होड्या ओढणाऱ्या आणि जाळी वाळविणाऱ्या कोळ्यांची वहिवाट होती, पण मालकीचा कागद नव्हता.

भराव घातला की ही रेषाच पुढे सरकते. काल जिथे पाणी होते तिथे आज जमीन असते आणि ती जमीन कोणाच्या वाडवडिलांची नसते. ती ज्याच्या परवानगीने निर्माण होते, त्याच्या हातात अमाप संपत्ती येते. एकोणिसाव्या शतकात ही परवानगी खासगी कंपन्यांना मिळाली. पूर्व किनाऱ्यावर एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीने भराव घातला. पश्चिमेला, कापसाच्या तेजीच्या दिवसांत, बॅकबे रेक्लमेशन कंपनी निघाली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि त्या पैशाला समुद्रातल्या जमिनीचे स्वप्न पडले होते. पाच हजार रुपयांच्या एका शेअरवर पंचवीस हजारांहून अधिक चढा भाव मोजायला लोक तयार झाले. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि कंपनीबरोबर अनेक घराणी धुळीला मिळाली. पूर्वेकडील कंपनी सरकारने १८७० मध्ये विकत घेतली आणि १८७३ मध्ये बंदराचा कारभार पोर्ट ट्रस्टकडे आला. समुद्रकिनाऱ्याचा व्यवहार सट्टेबाजांच्या हाती ठेवू नये, हा धडा सरकारने त्यातून घेतला. परंतु तो व्यवहार सरकारच्याच हाती गेला तर त्याच्यावर लक्ष कोणी ठेवायचे, हा धडा घ्यायचा राहिला होता.

लॉइड यांची महत्त्वाकांक्षा

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत जागेची टंचाई भीषण झाली. गिरण्यांमुळे वस्ती वाढली होती, भाडी भडकली होती. १९१८ च्या अखेरीस गव्हर्नर म्हणून आलेले सर जॉर्ज लॉइड हे धडाडीचे आणि भव्य योजनांची आवड असलेले गृहस्थ होते. त्यांनी १९२० मध्ये विकास खाते स्थापन केले. या खात्याने दोन मोठी कामे हाती घेतली. एक, कामगारांसाठी चाळी. याच आजच्या मराठी माणसाला परिचित असलेल्या बीडीडी चाळी. पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड येथे २०७ चाळी उभ्या राहिल्या. दुसरे काम बॅकबेचे. कुलाब्यापासून चर्चगेटच्या उत्तरेपर्यंत समुद्रात भिंत घालून आठ ब्लॉकमध्ये ११४५ एकर जमीन मिळविण्याची ही योजना होती.

योजना कागदावर आकर्षक होती. बंदराच्या तळाशी असलेला गाळ ड्रेजरने उपसायचा, मोठ्या नळांतून तो बॅकबेत ओतायचा आणि तयार झालेली जमीन विकून खर्च वसूल करायचा. त्यासाठी सरकारने साडेसहा टक्के व्याजाने विकासकर्ज उभारले. कापसाच्या गासडीवरही कर बसविण्यात आला. प्रत्यक्षात गाळ अपेक्षेपेक्षा कठीण निघाला, ड्रेजरचे काम ठरल्या वेगाने होईना आणि ओतलेल्या गाळाचा काही भाग भिंतीतून पुन्हा समुद्रात जाऊ लागला. खर्चाचा अंदाज थोड्याच काळात जवळजवळ दुप्पट झाला. दरम्यान युद्धोत्तर तेजी ओसरली आणि जमिनीचे भावही उतरले. योजनेला लोकांनी लॉइड यांचा मूर्खपणा असे नाव दिले. १९२३ च्या अखेरीस लॉइड मायदेशी परतले. योजना आणि तिचे कर्ज मात्र मुंबईत राहिले.

नरिमन यांच्या टीकेचा रोख केवळ तांत्रिक चुकीवर नव्हता. चुका कोणाच्याही हातून होतात. येथे भरतीरेषेखालची जमीन सरकारची होती. ती भरायची की नाही हे सरकारच ठरवीत होते. कर्ज सरकार काढीत होते, कंत्राटे सरकार देत होते, कामाची तपासणी सरकारचेच अधिकारी करीत होते आणि शेवटी जमीन विकणारेही सरकारच होते. मालक, मंजुरी देणारा, कंत्राट देणारा आणि हिशेब तपासणारा, या साऱ्या भूमिका एकाच खात्यात एकवटल्या होत्या. योजनेला मंजुरी मिळाली तेव्हा सुधारलेले कायदेकौन्सिल अस्तित्वातही आले नव्हते. पैसा रयतेचा आणि समुद्र सर्वांचा. पण प्रश्न विचारण्याची जागाच नव्हती.

आरोपीच्या पिंजऱ्यात

स्वराज्य पक्षातर्फे मुंबईच्या कायदेकौन्सिलमध्ये गेल्यावर नरिमन यांनी ती जागा निर्माण केली. अर्थसंकल्पावरील चर्चा, प्रश्नोत्तरे, ठराव अशा प्रत्येक मार्गाने त्यांनी विकास खात्याच्या कारभाराचा पाठपुरावा केला. सभागृहाबाहेर जाहीर सभांतून आणि वृत्तपत्रांतून ते लिहीत-बोलत राहिले. हळूहळू बॅकबे हा मुंबईकरांच्या घराघरांतला विषय झाला. हिंदुस्थान सरकारला अखेर चौकशी समिती नेमावी लागली. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर ग्रिमवुड मिअर्स हे तिचे अध्यक्ष होते. समितीने १९२६ मध्ये योजनेची झाडाझडती घेतली.

याच सुमारास नरिमन यांनी एक धोक्याचे पाऊल उचलले. खात्याचा कारभार वाईट आहे असे मोघम बोलणे सोपे असते. त्यात कोणाला उत्तर द्यावे लागत नाही आणि बोलणाऱ्यालाही काही सिद्ध करावे लागत नाही. नरिमन यांनी विकास खात्यातील एका वरिष्ठ अभियंत्याचे, हार्वे यांचे, नाव घेऊन गैरव्यवहाराचे आरोप केले. हार्वे यांनी त्यांच्यावर अब्रुनुकसानीची फौजदारी फिर्याद दाखल केली. सरकारी अधिकारी फिर्यादी आणि लोकप्रतिनिधी आरोपी, असा हा खटला मुंबईत विलक्षण गाजला.

भारतीय दंडसंहितेच्या कलम ४९९ खाली अब्रुनुकसानीच्या आरोपातून सुटण्यासाठी काही अपवाद दिलेले होते. विधान खरे आणि लोकहिताचे असणे हा त्यांतला पहिला. सरकारी नोकराच्या सार्वजनिक वर्तनाबद्दल सद्भावनेने व्यक्त केलेले मत हा दुसरा. परंतु आपण अशा अपवादात बसतो हे दाखविण्याची जबाबदारी आरोपीवर असते. म्हणजे ज्या खात्याची कागदपत्रे आपल्या हाती नाहीत, त्याच्या कारभाराविषयी आपले म्हणणे नरिमन यांना न्यायालयात उभे करून दाखवायचे होते. शिक्षा झाली असती तर वकिलीवर, सार्वजनिक जीवनावर आणि त्याहून अधिक म्हणजे त्यांनी मांडलेल्या मुद्द्यावर पाणी पडले असते. बॅकबेवरील टीका ही बेजबाबदार राजकारण्याची बडबड होती, असे म्हणायला सरकार मोकळे झाले असते.

खटला दीर्घकाळ चालला. साक्षी, उलटतपासण्या, मोजमापे, कंत्राटांच्या अटी यांचा तपशील रोज वर्तमानपत्रांत येत होता. जे प्रश्न कौन्सिलमध्ये टाळता येत होते, त्यांची उत्तरे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात शपथेवर द्यावी लागत होती. १९२८ मध्ये न्यायालयाने नरिमन यांना निर्दोष सोडले. मुंबईने त्यांचे स्वागत विजयी वीरासारखे केले. पुढे त्यांच्या नावामागे लागलेल्या वीर या बिरुदाला ही पार्श्वभूमी आहे.

निकालाइतकाच योजनेचा शेवटही महत्त्वाचा ठरला. आठपैकी पहिला, दुसरा, सातवा आणि आठवा एवढेच ब्लॉक पुरे करायचे आणि मधले चार सोडून द्यायचे, असे ठरले. सुमारे ४४० एकर जमीन तयार झाली. तिच्यातील निम्म्याहून अधिक, कुलाब्याकडील आठवा ब्लॉक, लष्कराकडे गेली. उरलेल्या भागावर १९३० च्या दशकात मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या पश्चिमेकडील आर्ट डेको इमारतींची रांग उभी राहिली. या इमारतींचा समावेश २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात झाला. तेव्हा भराव म्हटला की तो वाईटच, असे म्हणता येणार नाही. मुंबईची सर्वांत देखणी वाट याच वादग्रस्त भरावावर आहे. नरिमन यांच्या लढ्याचा अर्थ समजून घ्यायचा तर ही गोष्ट मान्य करूनच घ्यावा लागतो. जमीन उपयोगी पडली म्हणून ती ज्या रीतीने मिळविली गेली ती रीत योग्य ठरत नाही, एवढाच त्यांचा आग्रह होता.

मीठ, तुरुंग आणि महापौरपद

हार्वे खटल्याने नरिमन यांना मुंबईच्या तरुणांचे नेते बनविले. १९२८ च्या फेब्रुवारीत सायमन आयोग मुंबई बंदरात उतरला, तेव्हा त्याच्यावरील बहिष्काराच्या निदर्शनांत ते आघाडीवर होते. त्याच वर्षी युसुफ मेहेरअली यांच्यासारख्या तरुणांनी सुरू केलेल्या युवक चळवळीला त्यांचे नेतृत्व लाभले.

१९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. समुद्राच्या पाण्यापासून मीठ करण्याचा अधिकार कोणाचा, हा त्या सत्याग्रहाचा प्रश्न होता. बॅकबेच्या वादात ज्या सत्तेने समुद्राच्या तळावर मालकी सांगितली होती, तीच येथे समुद्राच्या मिठावर सांगत होती. नरिमन यांनी मिठाचा कायदा मोडला आणि एप्रिलमध्येच त्यांना अटक झाली. पुढील काही वर्षांत त्यांनी पुन्हा तुरुंगवास भोगला. मुंबई प्रांतिक काँग्रेस समितीचे ते अध्यक्ष होते. ऑक्टोबर १९३४ मध्ये वरळीला राजेंद्रप्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा स्वागताध्यक्षपद नरिमन यांच्याकडे होते. १९३५-३६ या वर्षी ते मुंबईचे महापौर झाले. एका अल्पसंख्य समाजातील माणूस साऱ्या शहराचा निर्विवाद पुढारी म्हणून ओळखला जात होता. प्रांतिक स्वायत्तता आली की मुंबईचे मुख्यमंत्रिपद, तेव्हाच्या भाषेत पंतप्रधानपद, त्यांच्याकडेच जाणार असे पुष्कळांना वाटत होते.

स्वकीयांचा निवाडा

१९३७ च्या निवडणुकीत मुंबई विधानसभेच्या १७५ पैकी ८६ जागा काँग्रेसला मिळाल्या. मार्चमध्ये विधिमंडळ पक्षाने नेता म्हणून बाळासाहेब खेर यांची निवड केली. नरिमन यांना हा धक्का होता. सरदार वल्लभभाई पटेल यांनी आपले वजन खर्च करून आपल्याला डावलले, असा आरोप त्यांनी जाहीरपणे केला. वृत्तपत्रांत वाद पेटला. या वादात १९३४ मधील एक जुना विषयही वर आला. त्या वर्षीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाच्या निवडणुकीत मुंबई शहरात काँग्रेसचे कन्हैयालाल मुन्शी पराभूत झाले होते, आणि त्याला नरिमन यांचे वर्तन कारणीभूत होते असा प्रत्यारोप झाला.

दोन्ही बाबींची चौकशी गांधीजींनी करावी असे ठरले. ज्येष्ठ पारशी विधिज्ञ डी. एन. बहादुरजी यांनी त्यांना साहाय्य केले. निवाडा दोन्ही मुद्द्यांवर नरिमन यांच्याविरुद्ध गेला. काँग्रेस कार्यकारिणीने त्यांना पक्षातील जबाबदारीच्या पदासाठी अपात्र ठरविले. ज्या माणसाने एका दशकापूर्वी सरकारला हिशेब मागितला होता, त्याच्या सार्वजनिक जीवनाचा हिशेब त्याच्याच पक्षाने असा बंद केला.

या प्रकरणावर आजही एकमत नाही. विधिमंडळ पक्षाने आपला नेता बहुमताने निवडला होता, खेर हे शुद्ध चारित्र्याचे आणि योग्यतेचे गृहस्थ होते, आणि नरिमन यांनी स्वतःच चौकशी मान्य केली होती, ही एक बाजू. मौलाना आझाद यांनी आपल्या आत्मकथनात दुसरी बाजू मांडली. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकात नरिमन यांच्यावर अन्याय झाला, असे मत त्यांनी नोंदविले आहे. नरिमन यांनी आरंभी निवाडा स्वीकारला आणि नंतर तो अमान्य केला, याने त्यांची बाजू दुबळी झाली हेही खरे. आपल्यावरील आरोपांना उत्तर देताना हार्वे खटल्यातला संयम त्यांना राखता आला नाही.

१९३९ मध्ये सुभाषचंद्र बोस यांनी फॉरवर्ड ब्लॉकची स्थापना केली तेव्हा नरिमन त्यांच्याबरोबर गेले आणि त्या पक्षाच्या चिटणिसांपैकी एक झाले. पण १९३७ पूर्वीचे स्थान त्यांना पुन्हा मिळाले नाही. स्वातंत्र्य पाहण्याचे भाग्य लाभले आणि ऑक्टोबर १९४८ मध्ये दिल्लीत त्यांचे निधन झाले.

नावाची जमीन

मुंबईने त्यांना विस्मृतीत जाऊ दिले नाही, निदान पाट्यांवर तरी. चर्चगेट स्ट्रीट वीर नरिमन रोड झाला. १९६० च्या दशकापासून, लॉइड यांच्या योजनेतले सोडून दिलेले ब्लॉक भरण्याचे काम स्वतंत्र राज्याच्या सरकारने हाती घेतले आणि तेथे उंच इमारती उभ्या राहू लागल्या. या वेळी गव्हर्नर परका नव्हता आणि कौन्सिल नामधारी नव्हते. तरीही जुना प्रश्न परत आला. बॅकबेतील भूखंड जाहीर लिलाव न करता खासगी वाटाघाटींनी दिले जात असल्याबद्दल १९७४ मध्ये पिलू मोदी व इतरांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. भरावाच्या जमिनीचा मालक सरकार असले तरी तो मालक स्वतःच्या मर्जीने व्यवहार करू शकतो का, हा त्या अर्जाचा गाभा होता. पन्नास वर्षांपूर्वी कौन्सिलमध्ये नरिमन यांनी विचारलेला प्रश्न तो हाच.

कायद्यानेही या प्रश्नाची पुरी उकल केलेली नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम २० भरतीरेषेखालचा समुद्राचा तळ राज्य सरकारचा मानते. राज्यघटनेचा अनुच्छेद २९७ प्रादेशिक समुद्राखालची भूमी केंद्राची ठरवतो. समुद्राच्या जागी जमीन आली की यातल्या कोणाचा शब्द चालतो, हा प्रश्न मग केवळ पुस्तकी राहत नाही. कुलाब्याच्या सहाव्या ब्लॉकमधील आदर्श गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीच्या प्रकरणात तो साऱ्या देशाने पाहिला. ती जमीन संरक्षण खात्याची की राज्याची, यावरच वाद झाला. २०१२ मध्ये चौकशी आयोगाने ती राज्याची असल्याचा निष्कर्ष दिला. त्याच इमारतीवर किनारा नियमन क्षेत्राचे नियम मोडल्याचाही ठपका आला, आणि २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने ती पाडण्याचा आदेश दिला, ज्याला सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी स्थगिती दिली.

दरम्यान कायद्याच्या विचारात एक महत्त्वाची भर पडली होती. १९९१ मध्ये केंद्र सरकारने किनारा नियमनाची अधिसूचना काढली आणि भरतीरेषेला नवा अर्थ आला. १८५३ मध्ये ही रेषा सरकारची मालकी कोठे सुरू होते हे सांगत होती. आता ती सरकारसकट साऱ्यांवरचे निर्बंध कोठे सुरू होतात हे सांगू लागली. १९९६ मध्ये बियास नदीच्या पात्राशी संबंधित निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे तत्त्व स्वीकारले की नद्या, किनारे, जंगले अशी संपत्ती सरकारकडे जनतेची विश्वस्त म्हणून असते. विश्वस्ताला ती मालकाप्रमाणे वापरता येत नाही. मुंबईच्या किनारी रस्त्याला डिसेंबर २०१९ मध्ये पुढे जाण्याची मोकळीक देताना सर्वोच्च न्यायालयाने भरावाच्या जमिनीवर रस्त्याव्यतिरिक्त अन्य विकासकामे करण्यास मनाई केली, तीही याच सावध दृष्टीतून.

नरिमन यांच्या काळात विश्वस्तपणाचे हे तत्त्व कोणत्याही निकालपत्रात त्यांच्या मदतीला उभे नव्हते. भरतीरेषेखालचे सारे सरकारचे, हाच तेव्हाचा कायदा होता आणि सरकारची मालकी त्यांनी नाकारली नाही. मालकी सरकारची असेल, पण कर्ज रयतेच्या माथी बसते तेव्हा हिशेब रयतेला द्यावा लागेल, एवढेच त्यांनी लावून धरले. त्यासाठी त्यांनी आधी सभागृह वापरले, मग वृत्तपत्र आणि शेवटी न्यायालय. तिन्ही ठिकाणी त्यांनी स्वतःचे नाव पणाला लावले.

१९८१ मध्ये महाराष्ट्राचे नवे विधानभवन बॅकबेच्या याच भरावाच्या जमिनीवर सुरू झाले. राज्याच्या तिजोरीतला पैसा कोठे गेला, हे विचारण्याचा अधिकार लोकप्रतिनिधी तेथे बजावतात. तिथून नरिमन पॉइंट काही मिनिटांच्या अंतरावर आहे. ज्या लोकप्रतिनिधीने या जमिनीचा पहिला हिशेब मागितला, त्याच्या नावाच्या इतक्या जवळ प्रश्नोत्तरांचा तास रंगावा, हे त्याच्या स्मृतीला शोभणारे आहे. फक्त त्या तासाला विचारले जाणारे प्रश्न त्याच्या प्रश्नांइतके नेमके असावेत.